अकरावी प्रवेश: कागदपत्रं आताच काढा

सर्व पालक सभासदांना नमस्कार. दहावीच्या निकालाची वाट बघत बसू नका. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हेच ऐनवेळी रखडतात. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग जुळतंय ना, तेही पाहून घ्या.

ऑनलाइन अर्जात १० पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत संधी मिळत नाही. म्हणून पहिलं नाव मुलांशी बोलूनच टाका. कळव्याहून रोज दादर गाठायचं तर सकाळच्या लोकलची गर्दीही हिशेबात धरा.

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता सोसायटी ऑफिसात एकत्र बसून याद्या करू. मुलांना नक्की आणा.