गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : न बघता औषध नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं आरोग्याच्या सदरांत वरचेवर छापून येतात. यादी बहुधा बरोबरच असते. पण त्यातलं एखादं लक्षण दिसल्यावर दवाखान्यात नेमकं काय व्हायला हवं, हे सहसा कुणी लिहीत नाही, आणि पुष्कळदा उशीर होतो तो तिथेच.

सगळ्यात आधी लक्ष द्यायचं ते अवेळी जाणाऱ्या रक्ताकडे. संबंधानंतर लागलेला डाग, दोन पाळ्यांच्या मध्ये दिसलेलं रक्त, नेहमीपेक्षा जास्त दिवस किंवा जास्त जाणारी पाळी. कॅन्सरच्या गाठीवरच्या नव्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, नुसत्या स्पर्शाने फुटतात, म्हणून संबंधानंतरचं रक्त विशेष महत्त्वाचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाच पुसटसा गुलाबी डाग दिसला तरी तपासणी करायचीच. 'पाळी परत आली असेल' असं म्हणून तो सोडून द्यायचा नाही. अंगावरून पांढरं पुष्कळ जणींना जातं. त्यात बघायचं ते बदललेलं रूप : सतत पाण्यासारखं पातळ, तांबूस छटेचं किंवा घाण वास येणारं.

असा त्रास होणाऱ्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पॉलिप (साधा मांसल कोंब), जंतुसंसर्ग, तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, अशी साधी कारणंही हेच सगळं करतात. पण कारण कोणतं, हे नुसतं ऐकून कुणालाच सांगता येत नाही. आत बघावंच लागतं.

आणि गाडी अडते ती इथेच. तक्रार ऐकून योनीत ठेवायच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला जातो. गाठ असली तरी तिच्यावरचा जंतुसंसर्ग त्याने कमी होतो, वास जातो, बाईला बरं वाटतं. थोड्या दिवसांनी त्रास पुन्हा सुरू, पुन्हा तोच कोर्स. औषधाने वास गेला म्हणजे कॅन्सर नाही, असं मुळीच नाही. तपासल्याशिवाय दुसरा कोर्स घेऊ नये; खरं तर पहिलाही नको.

दुसरा खोटा दिलासा सोनोग्राफीचा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भपिशवी आणि अंडाशय दिसतात, पण पिशवीच्या तोंडावरची लहान गाठ सहज सुटते. तिसरा दिलासा पॅप स्मिअरचा, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन तपासण्याचा. ही चाचणी मुख्यतः काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहे. गाठ असेल तर ब्रशवर नुसतं रक्त, पू आणि मेलेल्या पेशी येऊ शकतात आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसत नाही. पिशवीच्या तोंडावर काही संशयास्पद दिसत असेल तर पॅपच्या रिपोर्टची वाट न पाहता तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तोही कडेचा, जिथे गाठ आणि बरी दिसणारी जागा एकत्र येतात. मधला भाग सडलेला असला तर रिपोर्टमधून काहीच कळत नाही.

तपासणीला मिनिटं लागतात. स्पेक्युलम (योनी उघडून धरणारं साधन) घालून चांगल्या उजेडात पिशवीचं तोंड आणि योनीच्या भिंती बघायच्या, मग बोटांनी चाचपायचं. संशय असला तर गुदद्वारातूनही बोटाने बघतात, कारण पिशवीच्या बाजूचा भाग कडक झाला आहे का, हे तिथून नीट कळतं. रक्त जातंय म्हणून तपासणी पुढे ढकलायची गरज नसते. जाताना शेवटच्या पाळीची तारीख, रक्त कधी आणि किती गेलं, संबंधानंतर गेलं का, तांबी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे लिहून न्यावं. संबंधांविषयी बाई आपण होऊन बोलत नाही. डॉक्टरांनीच विचारायला हवं.

जास्त रक्त जातं म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर आधी पिशवीचं तोंड तपासून घ्या. लपलेला कॅन्सर असताना साधी शस्त्रक्रिया झाली तर आजूबाजूचा आवश्यक भाग आतच राहतो आणि पुढचे उपचार अवघड होतात.

दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये. सुरुवातीला हा आजार सहसा दुखतच नाही. सततची कंबरदुखी, एका पायाला सूज, लघवीतून रक्त ही बहुधा पसरल्याची चिन्हं. मूत्रवाहिन्या पिशवीच्या तोंडाच्या अगदी जवळून जातात. त्या दाबल्या गेल्या तर मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, तेही कधीकधी गुपचूप.

त्रास नसलेल्यांसाठी वेळ भरपूर असतो. हा कॅन्सर बहुधा ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण 15 ते 20 वर्षं जातात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या स्त्रियांमध्ये 5 ते 10. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना 35 व्या वर्षापर्यंत एकदा आणि 45 व्या वर्षापर्यंत पुन्हा एचपीव्ही चाचणी सुचवते. या विषाणूचे 16 आणि 18 हे दोन प्रकार सुमारे 70 टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात. एचपीव्हीची लस घेतलेल्यांनीही चाचणी करायची, कारण लस सगळ्या प्रकारांना रोखत नाही आणि आधीच झालेला संसर्ग घालवत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढची तपासणी करायची एवढाच अर्थ. आणि मागची चाचणी चांगली आली होती, पुढची तारीख लांब आहे, म्हणून मध्येच दिसलेला डाग त्या तारखेपर्यंत थांबवून ठेवायचा नाही.

– स्त्रीरोग विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका