दोन लँग्वेजच्या सांध्याबद्दलही काहीतरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कम्प्युटरबद्दल जे काही येतं ते मी आवर्जून वाचतो, पण प्रोग्रामिंग लँग्वेजवर लेख आला की सूर ठरलेला असतो, ही नवी आली, आता ती जुनी संपली. रस्टबद्दल तर हमखास असंच लिहिलं जातं. मला हे पटत नाही म्हणून पत्र लिहायला बसलोय. मी ज्या प्रोग्रामवर काम करतो तो अर्धा कॉमन लिस्पमध्ये (लिस्प या जुन्या लँग्वेजचा एक प्रकार) आहे आणि अर्धा रस्टमध्ये, दोघीही रोज राबतायत, आणि माझा सगळा त्रास आणि सगळं शिक्षण झालंय ते त्या दोघींच्या मधल्या सांध्यावर. त्याला फॉरेन फंक्शन इंटरफेस म्हणतात, बोलताना आम्ही नुसतं एफएफआय म्हणतो, आणि त्याच्यावर साध्या मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

लिस्पचं काम जॉन मॅकार्थींनी १९५८ साली एमआयटीमध्ये सुरू केलं आणि रस्टचं १.० व्हर्जन आलं मे २०१५ मध्ये, म्हणजे मध्ये ५७ वर्षं. या दोघींना एकमेकींचं काहीही कळत नाही, पण सी लँग्वेजची बोलायची पद्धत दोघींना येते, म्हणजे फंक्शनला (प्रोग्रामच्या नाव दिलेल्या तुकड्याला) दिलेले आकडे प्रोसेसरच्या कुठल्या रजिस्टरमधून, म्हणजे छोट्या कप्प्यातून, जातात, उत्तर कुठून परत येतं वगैरे. रस्टमध्ये फंक्शनच्या आधी एक्स्टर्न सी लिहायचं, कंपायलरने (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामने) नाव बदलू नये म्हणून नो मँगल लावायचं, स्ट्रक्ट (अनेक फील्ड, म्हणजे माहितीचे कप्पे, एकत्र ठेवणारा प्रकार) असेल तर रिप्र सी लावायचं कारण नाहीतर रस्ट फील्डचा क्रम स्वतःच्या सोयीने बदलू शकतं. मग त्याची डायनॅमिक लायब्ररी, म्हणजे चालू प्रोग्रामला जोडता येणारी फाइल, बनवायची. लिस्पच्या बाजूला गंमत अशी की कॉमन लिस्पच्या १९९४ च्या अमेरिकन (एएनएसआय) स्टँडर्डमध्ये बाहेरचा कोड कसा बोलवायचा याबद्दल काहीच नाही, त्यामुळे लिस्प चालवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने (इम्प्लिमेंटेशनने) आपापलं केलं आणि त्या सगळ्यांवर सीएफएफआय नावाच्या लायब्ररीने एकसारखा थर दिला. त्यात डेफ-सी-फन लिहून बाहेरच्या फंक्शनची ओळख करून दिली की झालं. दोन आकडे द्या, बेरीज परत घ्या, हे अर्ध्या तासात चालतं आणि वाटतं की एवढंच तर होतं!

तिथेच माणूस फसतो. मी फसलो तो असा. लिस्पमध्ये दशांश आकड्यांचे छोटे छोटे व्हेक्टर (ओळीने ठेवलेल्या याद्या) होते, एकेकात चार-पाचशे आकडे, त्यांचा मेमरीतला पत्ता मी रस्टला दिला आणि रस्टने तो एका स्ट्रक्टमध्ये जपून ठेवला, नंतर लागेल म्हणून. सगळ्या टेस्ट पास झाल्या. खऱ्या डेटावर मात्र तासाभराने उत्तरं चुकायला लागली, क्रॅश नाही, एरर नाही, नुसती चुकीची उत्तरं, आणि ती पण रोज वेगळी. चार दिवस मी रस्टचा कोड उलटापालटा करून पाहिला, त्यात काही सापडेना, कारण चूक तिथे नव्हतीच. एसबीसीएल, म्हणजे मी वापरतो ते लिस्प, त्याचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, जिवंत (वापरात असलेल्या) वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो आणि लिस्पमधले सगळे पत्ते नीट बदलतो, पण रस्टच्या पोटात ठेवलेला पत्ता त्याला कसा दिसणार? व्हेक्टर घर बदलून गेला होता आणि रस्ट जुन्या दारावर जाऊन जो कोण नवीन राहायला आलाय त्याचे आकडे वाचत होतं. टेस्टमध्ये डेटा इतका थोडा होता की गार्बेज कलेक्टरची पाळीच यायची नाही.

याला उपाय आहे. एसबीसीएलचं विथ-पिन्ड-ऑब्जेक्ट्स वापरलं की तेवढ्या वेळापुरती वस्तू जागची हलत नाही, पण तेवढ्याच वेळापुरती, कॉल संपला की पिन निघाली. म्हणून आता मी नियम केलाय, लिस्पची वस्तू रस्टने कॉल चालू असेपर्यंतच उसनी घ्यायची, ठेवून घ्यायची असेल तर स्वतःची कॉपी करायची. उसनं आणलेलं भांडं आपल्या फडताळात ठेवून द्यायचं नसतं इतकं साधं आहे हे, आणि खरं तर रस्टची अख्खी ओनरशिप (मालकी) आणि बॉरोइंगची (उसनवारीची) कल्पना हीच आहे, फक्त सांध्यावर ती तपासायला कंपायलर नसतो, आपणच असतो.

उलट दिशेला पण तेच. रस्टने बॉक्स करून (स्वतः मेमरी घेऊन त्यात ठेवून) दिलेली वस्तू रस्टनेच मोकळी करायची, म्हणून प्रत्येक बनवणाऱ्या फंक्शनबरोबर मोडणारं फंक्शन पण बाहेर द्यायचं. लिस्पच्या ज्या वस्तूत तो पत्ता ठेवलाय तिला फायनलायझर (वस्तू कचऱ्यात गेली की आपोआप चालणारं फंक्शन) लावता येतो, पण त्या फंक्शनमध्ये (क्लोजरमध्ये) चुकून ती लिस्पची वस्तूच पकडली गेली तर ती कधीच कचऱ्यात जात नाही आणि मेमरी गुपचूप वाढत राहते. आणि लिस्पची इमेज (चालू प्रोग्रामच्या मेमरीची फाइल) सेव्ह करून परत चालू केली तर आतमध्ये जपलेले रस्टचे सगळे पत्ते मेलेले असतात, ते नव्याने उघडावे लागतात.

आता स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. 'मराठी' हाच शब्द घ्या. त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे ५ कोडपॉइंट (युनिकोडमध्ये क्रमांक मिळालेले घटक) आहेत. एसबीसीएलला लांबी विचारली तर ५ सांगतं आणि आत प्रत्येकाला ४ बाइट म्हणजे २० बाइट वापरतं. रस्ट यूटीएफ-८ या पद्धतीत ठेवतं, देवनागरीला प्रत्येकी ३ बाइट, म्हणून त्याची लेन (बाइटमधली लांबी) १५ येते. सी म्हणते मला लांबी माहीतच नाही, मी शून्य येईपर्यंत वाचत जाते, म्हणजे १६ बाइट द्या. तिघी आपापल्या जागी बरोबर आहेत! नुसत्या इंग्रजी अक्षरांवर टेस्ट केली तर रस्टची आणि लिस्पची लांबी सारखीच येते आणि चूक दिसतच नाही, आपल्या लिपीने ती लगेच दिसते, म्हणून माझ्या टेस्टमध्ये मी आता मुद्दाम मराठी शब्द ठेवतो. आणखी एक, रस्टने नवी स्ट्रिंग बनवून परत दिली आणि लिस्पमध्ये परत येणारा प्रकार थेट स्ट्रिंग असा लिहिला तर मजकूर मिळतो पण मूळ पत्ता हातातून जातो आणि ती मेमरी कुणीच मोकळी करत नाही. पॉइंटर (नुसता पत्ता) म्हणून घ्या, मजकूर कॉपी करा, मग रस्टला सांगून मोकळी करा.

बूलियनचं (खरं की खोटं एवढंच सांगणाऱ्या प्रकाराचं) थोडक्यात सांगतो. रस्टचं बूल १ बाइटचं, सीएफएफआयचं बूलियन काही न सांगता इंट (पूर्णांक) धरून चालतं म्हणजे बहुतेक मशीनवर ४ बाइट, वरच्या बिटमध्ये कचरा असला की खोट्याचं खरं होतं. प्रकार स्पष्ट लिहायचा, विषय संपला.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे काहीतरी बिघडतं तेव्हाची. रस्टमध्ये पॅनिक होतो, लिस्पमध्ये कंडिशन सिग्नल होते (दोन्ही म्हणजे बिघाडाची हाक), आणि दोन्हींपैकी एकीने पण हा सांधा ओलांडता कामा नये. सप्टेंबर २०२४ च्या रस्ट १.८१ पासून एक्स्टर्न सी फंक्शनमधून पॅनिक बाहेर निसटला तर अख्खी प्रोसेस बंद केली जाते, त्याआधी तर काय होईल याची काही हमीच नव्हती. आणि रस्टने लिस्पचा कॉलबॅक (लिस्पने रस्टकडे देऊन ठेवलेलं फंक्शन) बोलावला, त्यात एरर आली आणि लिस्पने वरच्या हँडलरकडे (एरर सांभाळणाऱ्या कोडकडे) उडी मारली, की मधल्या रस्टच्या फ्रेम (अर्धवट चालू असलेले कॉल) तशाच टाकून दिल्या जातात, ड्रॉप, म्हणजे शेवटची आवराआवर, चालत नाही, घेतलेलं लॉक घेतलेलंच राहतं. म्हणून बिघाड आपापल्या घरातच पकडायला रस्टच्या बाजूला कॅच-अनवाइंड, लिस्पच्या बाजूला हँडलर-केस, आणि सांध्यावरून फक्त एक आकडा जाऊ द्यायचा, शून्य म्हणजे ठीक, बाकीचं म्हणजे बिघडलंय. दिसायला जुनाट वाटतं पण यापेक्षा बरं मला काही सापडलेलं नाही.

आणि एक राहिलंच, ज्याने माझ्या बरोबरचे अनुभवी लोक पण चक्रावले होते. रस्टमध्ये दशांशातल्या शून्याला शून्याने भागलं तर निमूट नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) मिळतं. तोच कोड एसबीसीएलमधून बोलावला तर त्याच ओळीवर सिग्नल येतो आणि लिस्प एरर देतं, कारण एसबीसीएल फ्लोटिंग पॉइंटचे (दशांश गणिताचे) ट्रॅप, म्हणजे गणित बिघडलं की प्रोसेसरने थांबवायची सोय, चालू ठेवतं आणि ती प्रोसेसरची सेटिंग रस्टच्या कोडलाही लागू होते. म्हणजे रस्टचा एक शब्द न बदलता रस्टचं वागणं बदललं. कॉलच्या भोवती ते ट्रॅप झाकून ठेवावे लागतात, हे एकदा कळलं की सोपं आहे, पण कळेपर्यंत माणूस स्वतःच्या गणितावर शंका घेत बसतो.

संपादकसाहेब, लेखांमध्ये 'रस्टमध्ये मेमरीच्या चुका होतच नाहीत' असं सरसकट लिहिलं जातं ते कृपा करून थांबवा. ती हमी सेफ रस्टची, म्हणजे कंपायलरला तपासता येतो तेवढ्याच कोडची आहे. बाहेरच्या लँग्वेजशी बोलताना अनसेफ लिहावं लागतं, रस्टच्या २०२४ च्या एडिशनमध्ये तर बाहेरच्या फंक्शनच्या यादीच्या आधीसुद्धा अनसेफ लिहिणं सक्तीचं केलंय, म्हणजे रस्ट बनवणारे स्वतःच सांगतायत की इथून पुढे जबाबदारी तुमची. शिकणारी पोरं तुमचा पेपर वाचतात, त्यांना नवी चांगली की जुनी चांगली हे वाचून काय मिळणार, नोकरीत गेल्यावर त्यांच्यासमोर दोन्ही असतात आणि मध्ये हा सांधा असतो.

तुम्ही अर्धं पान दिलंत तर मी स्वतः लिहून पाठवतो, चालवून पाहिलेल्या कोडसकट. रस्टच्या दहा-बारा ओळी, लिस्पच्या पाच-सहा, आणि सुरुवात 'मराठी' या शब्दाच्या लांबीपासून करेन.

आपला,
एक नियमित वाचक