श्रेय विद्यार्थ्यांनाही द्या

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, विषय घेतलात ते छानच, पण ही कॉलेजं श्रीमंत गोऱ्या देणगीदारांच्या कृपेवर उभी राहिली हा जो सूर लागलाय तो पटला नाही. देणग्या आल्या, मिशनऱ्यांनी मदत केली, मान्य. पण नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ 1871 मध्ये कर्जात बुडालेलं असताना नऊ विद्यार्थी गाणी म्हणत गावोगाव फिरले, त्यातले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले, हॉटेलवाले खोली द्यायचे नाहीत, तरी त्यांनी पैसा जमवला आणि त्यातून ज्युबिली हॉल बांधला गेला, तो आजही उभा आहे. अलाबामात टस्कीगीच्या अशाच संस्थेत तर पोरांनी स्वतः माती खणून विटा पाडल्या, तीन भट्ट्या फसल्या, मग संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण ठेवून चौथी लावली. सरकारी पैशाचं म्हणाल तर 2023 मध्ये तिथल्या केंद्र सरकारनेच 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून सांगितलं की 30 वर्षांत त्यांच्याकडच्या अशा सरकारी कॉलेजांना 12 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कमी मिळालीये. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात हे सगळं यायलाच हवं.

– एक वाचक, सांगली