आई, शेवटचं बटण त्यांना लावू दे

पुणे, १० जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की आई म्हणते "सगळं ठीक आहे" आणि विषय संपतो, म्हणून लिहितेच आहे. पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवा, लागेल तेव्हा बघता येईल.

बाबा, मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी तुंबली म्हणून तुमची डावी बाजू लुळी पडली. तुम्ही मूळचे उजव्या हाताचे, त्यामुळे जेवण, दात घासणं, सही असं सगळं उजव्यानं भागतं. घोळ तिथंच आहे. डाव्या हाताला काही कामच उरलं नाही, तर मेंदू तो हात हिशेबातून काढून टाकतो. मग थोडी ताकद परत आली तरी हात मांडीवर पडून राहतो. त्याला दिवसभर काहीतरी काम लावलं पाहिजे, आणि काम म्हणजे रबरी चेंडू दाबणं नव्हे. तो चेंडू आजच शेजारच्या पोराला देऊन टाका. तुमची मूठ वळतेच आहे, अडतं ती उघडताना. चेंडू दाबून दाबून बोटं आणखी आखडतात. हातातली वस्तू *सोडायची* सवय लागेल अशी कामं हवीत.

त्याला मटारासारखं काम नाही, आणि सध्या हंगामही आहे. पाव किलो शेंगा घ्या, साधारण तीस-पस्तीस भरतात. बाबांनी टेबलाशी खुर्चीवर बसायचं, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, डावं कोपर टेबलावर. शेंगांचं ताट *डावीकडे* ठेवायचं. डावीकडचं त्यांच्या नजरेतून निसटतं, म्हणूनच तिकडे ठेवायचं. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची असं ठरवा. शेंग डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, उजव्यानं फोडून दाणे काढायचे आणि साल डाव्या हातानंच डावीकडच्या परातीत टाकायचं. ते साल सुटणं हाच सगळा व्यायाम. २००९ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या उपचारकेंद्रांमधली व्यायामाची सत्रं मोजली, तेव्हा एका सत्रात हाताची अशी कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होत होती. पाव किलो मटारात तेवढी भरते, वर रात्री उसळ होते.

बोटं साल सोडत नसतील तर आई, ती ओढून उघडू नकोस. ओढलं की आणखी घट्ट होतात. त्यांचा हात टेबलावर ठेव, मनगट हलकेच तळव्याकडे वाकव. बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा बाहेर घे आणि मनगट सावकाश सरळ कर. एवढं करूनही जमत नसेल तर दमलेत असं समज. वीस मिनिटं झाली की थांबायचंच. काम शक्यतो सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर काढायचं, दुपारनंतर हात जास्त जड होतो.

आता सदरा. समोरून उघडणारा सदरा घ्या, डोक्यातून घालायची बंडी किंवा झब्बा सध्या नको. खुर्चीवर बसून सदरा मांडीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर गुडघ्यांकडे. डावी बाही दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये लोंबती सोडायची. लुळा हात आधी: पुढे वाकून डावा हात त्या बाहीत सोडायचा आणि उजव्यानं बाही कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत ओढायची. बहुतेकांचं इथंच फसतं. बाही कोपराखाली राहिली की सदरा पाठीमागून फिरवताना सुटून येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खांद्यावर बसली की कॉलर धरून पाठीमागून उजवीकडे आणायचा, उजवा हात घालायचा. बटणं खालून वर लावायची, कारण खालची डोळ्यांना दिसतात. काढताना उलटं, चांगला हात आधी बाहेर.

आई, हे सगळं एकदम शिकवायला जाऊ नकोस. पहिला आठवडा सदरा तूच घाल, फक्त *शेवटचं एक बटण* त्यांच्यासाठी सोड. दुसऱ्या आठवड्यात दोन, मग सगळी बटणं, मग उजवी बाही. शेवटची पायरी आधी शिकवली की काम दर वेळी त्यांच्याच हातून पुरं होतं. सुरुवात त्यांनी करायची आणि शेवट तू, असं झालं की दोघंही वैतागता. बटण अडलं तरी मनात वीस मोजल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. तुला ते जमणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा तेवढा वेळ मेथी निवडायला घेऊन बस. आणि ते काम करत असताना गप्पा नकोत. बोलणं आणि बटण दोन्ही एकदम त्यांना अजून झेपत नाही.

पूजेतलं गंध बाबांनीच उगाळायचं. सहाण ओल्या फडक्यावर ठेवायची म्हणजे सरकत नाही. डाव्या हातानं ती दाबून धरायची, उजव्यानं खोड फिरवायचं. जेवणानंतर टेबलही त्यांनीच पुसायचं: टॉवेलावर दोन्ही पंजे, डाव्यावर उजवा, पुढे-मागे पंधरा-वीस वेळा. खांदा दुखला तर तिथंच थांबायचं, दुखणं सोसून करायचं नाही. कपड्यांच्या घड्या बसून चालतील, वरच्या दोरीवर वाळत घालणं नको. डावा हात कधीही धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. खुर्चीतून उठवायचं असेल तर पावलं मागे घ्यायला सांग, मग नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायला सांग. तू डाव्या बाजूला उभी राहून कमरेला आधार दे.

संक्रांत आलीच आहे. तिळाचे लाडू वळणं दोन्ही तळव्यांचं काम, हाताला फार चांगलं, पण यंदा बाबांना त्यात घेऊ नका. गुळाचा पाक चटका देतो आणि डाव्या तळव्याला तो कळणार नाही, फोड आल्यावरच दिसेल. त्याऐवजी पोळ्यांच्या कणकेचे गोळे करायला द्या. आंघोळीचं पाणीही *उजव्याच* हातानं बघायचं.

चहाची घाई नको. आधी आठवडाभर गॅस न पेटवता, पातेल्यात गार पाणी घेऊन. पातेलं उचलून ओतायचं नाही: गाळणं कपावर ठेवायचं आणि पळीनं चहा त्यात घालायचा, एका हातानं होतं. पुढे गॅस पेटवायचा तो उजवीकडचाच, कारण डावीकडचा चालू राहिला तर लक्षात येणार नाही. डावा पंजा ओट्याच्या कडेवर, शेगडीपासून वीतभर लांब. पहिला महिना आई शेजारी हवी. रेग्युलेटर तीच बंद करेल.

विळी माळ्यावर टाका. सुताराकडून एक फळी करून घ्या, मधोमध दोन खिळे खालून ठोकून टोकं वर काढलेली, दोन बोटं अंतरावर. बटाटा त्यात रोवला की हलत नाही, सोलाण्यानं एका हातानं सोलता येतो. काम नसेल तेव्हा टोकांवर बुचं खोचून ठेवायची.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगानं होते, तुमचे दोन झालेत. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही, तेव्हा कुणी "आता काय व्हायचं" म्हणालं तर ऐकू नका. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात अचानक आणखी पडला, तर मला फोन करण्याआधी १०८ ला करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात.

रविवारी मटारांचा फोटो पाठवा. दाण्यांचा नको, डावीकडच्या परातीतल्या सालांचा.

तुमची,
धाकटी

ता. क. सुताराला खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्यायला सांगा, साधे गंजतात. आणि फळीखाली ओलं फडकं विसरू नका.