मेणवलीच्या घाटावर पायऱ्या भिजवणाऱ्या रिक्षावाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाईच्या स्टँडबाहेर, एप्रिलच्या भर दुपारी, "मावशी, जरा सावलीत थांबा, सीट तापलीय, पुसून घेतो" म्हणालात, तेवढीच तुमची खूण माझ्यापाशी आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. आईनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नाना फडणवीस, त्यांच्या कागदपत्रांचं मेणवली दफ्तर हे सगळं तिला तोंडपाठ, पण मेणवली कधी पाहिली नव्हती. म्हणून पुण्याहून खास गाडी ठरवली. वाईत आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "तिथं काय बघायचंय, चार दगड!" आणि गाडी पसरणी घाट चढून थेट पाचगणीला. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे, मेणवलीसकट. येताना आई अवाक्षर बोलली नाही.

तुम्ही आधी ढोल्या गणपतीला नेलंत. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या त्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती का, तर कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून, हे आई चक्क तुम्हालाच शिकवायला लागली! रोज तिथून जाणारे तुम्ही, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत राहिलात.

मग मेणवली. घाटाच्या वरच्या पायरीवर आईनं चपला काढल्या आणि माझा पारा चढला. तिला साखर आहे, तळव्यांना चटका कळत नाही, फोड आला तर महिनाभर भरून येत नाही. पण नदीच्या घाटावर ती जन्मात चपला घालून उतरलेली नाही. आमच्या भांडणात तुम्ही पडला नाहीत. रिक्षातली बाटली आणलीत, पहिल्या पायरीवर पाणी ओतलंत, दगडाला तळहात लावून पाहिलात आणि म्हणालात, "या." बाटली संपली की खाली नदीवर जाऊन भरायची, पुन्हा वर यायचं. काळ्या दगडावरची ओल बघता बघता उडून जायची. प्रत्येक पायरीला आधी तुमचा हात, मग आईचा पाय. "आमच्या म्हातारीलापण साखर आहे," एवढंच बोललात, तेही माझ्याकडे न बघता.

आई घंटेपाशी पोचली. पोर्तुगिजांची घंटा, वर १७०७ साल आणि मेरीची आकृती. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा अशा घंटा मराठ्यांकडे आल्या, हे तिनं किती वर्गांना सांगितलं असेल. त्या दिवशी मात्र ती नुसती बघत उभी राहिली. सिनेमाचं शूटिंग कुठं झालं ते विचारत लोक आले, गेले. तुम्ही एकदाही "चला" म्हणाला नाहीत.

त्या ड्रायव्हरला मी सगळं समजावलं होतं, अगदी नकाशासकट. तुम्हाला काहीच सांगावं लागलं नाही. वर चार पैसे जास्त दिले, तर तुम्ही हिशेबाने परत केलेत!

रात्री मोबाइलची बॅटरी लावून आईचे तळवे तपासले. लाल ठिपकासुद्धा नव्हता. आता तिला धोमला जायचंय, कासवाच्या पाठीवरचा नंदी बघायला. पावसाळा सरला की येतो. स्टँडबाहेरच थांबा. बाटल्या या वेळी मी आणते.