आई-बाबांना पत्र : बर्कलीला मानवशास्त्र शिकायला जाण्यापूर्वी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
४ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तुम्हा दोघांना झालेला आनंद आवाजातच कळला. त्यापाठोपाठ बाबांनी विचारले, की मानवशास्त्र हा विषय नेमका आहे काय, आणि छत्तिसाव्या वर्षी तो घेऊन पुढे करणार काय. प्रश्न रास्त होते. फोनवर त्यांची उत्तरे घाईत द्यावीत असे मला वाटले नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आधी मी आतापर्यंत शिकले त्या ओलोनी कॉलेजविषयी. ते ‘कम्युनिटी कॉलेज’ आहे. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटले की आपल्याकडे ते एखाद्या शिवणक्लाससारखे वाटते, आणि नातेवाइकांनी तुम्हाला तसे काही विचारलेही असेल. इथली व्यवस्था वेगळी आहे. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. पहिली दोन वर्षे गावातल्या स्वस्त कॉलेजात शिकून उरलेली दोन विद्यापीठात पूर्ण करण्याची वाट त्यात आखून ठेवली आहे. राज्यातल्या रहिवाशांना या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. अशी ६० युनिट्स चांगल्या गुणांनी पूर्ण झाली की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन विद्यार्थ्यांमागे असा एक विद्यार्थी घ्यायचा, असे विद्यापीठाचे धोरणच आहे. हातात पडणारी पदवी बर्कलीचीच असते आणि तिच्यावर दुय्यमपणाचा कोणताही शिक्का नसतो. लग्नामुळे बी. कॉम.चे पहिले वर्ष झाल्यावर माझे शिक्षण थांबले, याची बाबांना वाटणारी खंत मला ठाऊक आहे. ती आता मनातून काढून टाकावी, अशी माझी विनंती आहे.

आता विषय. ओलोनी कॉलेजात मानवशास्त्राचा पहिला वर्ग मी केवळ वेळ सोयीची होती म्हणून घेतला. अथर्व शाळेतून परत येण्याआधी तो संपत असे. त्या वर्गात प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्याचा तक्ता काढायचा होता : पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा. आई, तुला आठवत असेल, त्याच आठवड्यात मी फोनवर मिरजेच्या घरातले एकेक माणूस तुझ्याकडून विचारून घेतले होते. इतरांचे तक्ते झाडासारखे वर निमुळते होत गेले, पण माझ्या तक्त्यातल्या रेघा फिरून एकमेकींना मिळाल्या. कारण मावशीच्या नंदूदादाने मामाची सुनीता केली आणि माझी मामेबहीणच माझी वहिनी झाली. आपल्या भागात यात कोणाला नवल वाटत नाही. प्राध्यापकांनी मात्र तो तक्ता फळ्यावर घेतला. जमीन आणि माणसे दोन्ही जोडलेली राहावीत म्हणून अशी लग्ने कशी होतात, बहिणीच्या मुलाला मुलगी देणे मामाला का आवडते, आणि नर्मदेपलीकडे हेच लग्न निषिद्ध का मानले जाते, यावर सबंध तास गेला. पुढे वाचताना कळले, की पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी नेमके हेच अभ्यासले होते आणि महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या नातेव्यवस्थांमधला सांधा आहे असे दाखवून दिले होते. आई, तू लग्नघरात उभी राहून कोण कोणाचे कोण लागते हे धडाधड सांगतेस, ते शास्त्रच आहे. माझ्यापुरती त्याची पहिली शिक्षिका तू आहेस.

पण हाच विषय पुढे शिकायचा, हे माझे ठरले ते दुसऱ्या एका गोष्टीमुळे, आणि ती बाबांना सविस्तर सांगायला हवी.

आमच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते ओलोनी लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या काठचे मूळ रहिवासी. कॉलेजच्या शेजारीच मिशन सॅन होजे हे १७९७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेले ठाणे आहे. आसपासच्या वस्त्यांमधून माणसे तिथे आणली गेली, त्यांना कामाला जुंपले गेले, आणि गोवर-देवीसारख्या रोगांनी ती भराभर मेली. तिथून थोड्याच अंतरावर, रहदारीच्या रस्त्याला लागून, त्यांची दफनभूमी आहे. मिशन बांधायला मदत करणारे चार हजार ओलोनी इथे विसावले आहेत, अशा अर्थाचा मजकूर तिथल्या दगडावर कोरलेला आहे. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षे भाजी आणायला जात होते, पण तो दगड वाचला तो या विषयाचा वर्ग सुरू झाल्यावरच.

बर्कलीचा मानवशास्त्र विभाग १९०१ मध्ये सुरू झाला. त्याची उभारणी करणारे आल्फ्रेड क्रोबर यांनी कॅलिफोर्नियातल्या जमातींवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला आणि तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. इथल्या भाषा व चालीरीती त्यांनी ज्या निष्ठेने टिपून ठेवल्या, तिला तोड नाही. त्याच ग्रंथात त्यांनी या भागातल्या ओलोनी लोकांविषयी लिहिले, की व्यवहारतः ते नामशेष झाले आहेत. प्रत्यक्षात त्यांची कुटुंबे इथेच, प्लेझंटन आणि नाइल्स परिसरात, शेतांवर आणि गुरांच्या वाड्यांवर राबत होती. पुढे १९२७ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याने या लोकांसाठी जमीन घेण्याची गरज नाही असा अहवाल दिला, आणि सरकारदरबारी ते जणू उरलेच नाहीत. त्यांचे आजचे वंशज स्वतःला मुवेक्मा ओलोनी म्हणवतात. केंद्र सरकारची मान्यता त्यांना अजूनही मिळालेली नाही.

बाबा, तुमची सारी नोकरी तलाठी म्हणून गेली. वारसनोंद राहून गेली, फेरफारात एक नाव सुटले, की हयात माणसाला स्वतःच्याच बांधावर परक्यासारखे उभे राहावे लागते, हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. जत तालुक्यातल्या त्या विधवा बाईंच्या नावासाठी तुम्ही सुट्टीच्या दिवशी दप्तर घेऊन गेला होतात, ते मी विसरलेले नाही. मानवशास्त्र म्हणजे काय, याचे सगळ्यात सोपे उत्तर मी तुम्हाला तुमच्याच कामातून देऊ शकते : कोण इथले आहे, कोण कोणाचे आहे, हे जाऊन, बसून, ऐकून नोंदवणे. ती नोंद चुकली तर किती पिढ्या भरडल्या जातात, हे इथे दिसते.

आणि ती दुरुस्त होऊ शकते, हेही इथेच दिसते. फ्रीमाँटच्या डोंगरापलीकडे सुनोल येथे बांधकामाच्या निमित्ताने जुनी वस्ती आणि दफने सापडली, तेव्हा संशोधकांनी मुवेक्मा लोकांना बरोबर घेऊन काम केले. प्राचीन अवशेषांतला डीएनए आजच्या मुवेक्मांच्या डीएनएशी ताडून पाहिला, आणि हे नाते सुमारे दोन हजार वर्षे मागे जाते असे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या इमारतीत माझे वर्ग भरतील तिला पूर्वी क्रोबर यांचे नाव होते. ते विद्यापीठाने २०२१ मध्ये काढले. यावर मतभेद आहेत, आणि क्रोबर यांनी उतारवयात आदिवासींच्या जमिनींच्या दाव्यांत त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती हेही खरे आहे. मला पाटी काढण्यापेक्षा मोठे वाटते ते दुसरे काम. विद्यापीठाच्या संग्रहात हजारो मूळ रहिवाशांच्या अस्थी आहेत, आणि १९९० च्या कायद्यानुसार त्या त्यांच्या वारसांना परत करायच्या आहेत. ते काम फार रेंगाळले आहे. कोणत्या अस्थी कोणाच्या, हे ठरवायला पुरातत्त्व, शरीरशास्त्र, जुनी कागदपत्रे आणि घरोघरच्या आठवणी, सगळेच लागते. मला तिथे शिकायचे आहे ते यासाठी.

नोकरीचे म्हणाल तर तीही आहे. इथे रस्ता, धरण, मोठी इमारत उभारण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे याची पाहणी बहुतेक वेळा कायद्यानेच करावी लागते, आणि त्यासाठी या विषयाचे पदवीधर लागतात. इकडच्या तंत्रज्ञान कंपन्याही मानवशास्त्रज्ञ नेमतात. बर्कलीतच डॉक्टरेट केलेल्या लूसी सचमन यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात, माणसे झेरॉक्स मशीनपुढे उभी राहून नेमकी कुठे अडतात, याचा बारकाईने अभ्यास केला होता. पगार इंजिनिअरएवढा नसेल, हे मी तुमच्या जावयांशी बोलून, हिशेब मांडून स्वीकारले आहे. अर्थसाहाय्यासाठी अर्जही केला आहे.

आई, घराची काळजी करू नकोस. फ्रीमाँटहून बर्कलीला थेट गाडी आहे, साधारण पाऊण तासाची. वयाने मोठ्या आणि मुले असलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात वेगळे केंद्रच आहे, त्यामुळे मी एकटी पडणार नाही. अथर्व शाळेतून येईल तेव्हा आठवड्यातले तीन दिवस त्याचे बाबा घरी असतील. ऑगस्टच्या अखेरीस वर्ग सुरू होतील, म्हणून यंदा गणपतीला येणे जमणार नाही. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघेही येऊ. तेव्हा मिरजेच्या घरातल्या सगळ्यांची नावे तू पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायची आहेस, या वेळी मी ती ध्वनिमुद्रित करून ठेवणार आहे.

बाबा, तुमच्याकडे एकच काम आहे. पूर्वी जिथे जिथे शिकले तिथल्या गुणपत्रिका विद्यापीठाला १ जुलैच्या आत अधिकृतपणे पोहोचाव्या लागतात. माझ्या बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका शिवाजी विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यात हवी आहे. बैठक क्रमांक आणि वर्ष सोबतच्या कागदावर लिहिले आहे. जुनी मूळ प्रत बहुधा तुमच्या लोखंडी कपाटातल्या फाइलमध्येच असेल. मे महिन्याच्या उन्हात कोल्हापूरला तुम्ही स्वतः जाऊ नका, नंदूदादाला पाठवा. मी त्याच्याशी बोलले आहे.

तुमची,
वैशाली