आवाज जमिनीचा, धोका माळवदाचा

संपादक महाशय,
स. न.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरी भागात जमीन गुरगुरली की ‘खाली लाव्हा उकळतोय’ अशी आवई उठते. ती खोटी आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजून काळा कातळ झाला. किल्लारीत विंधण घेतलं तेव्हा तो कातळ सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. भारताचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा आपल्याखालचा तुकडा, वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतं, हिमालयापाशी अडतं. तो दाब मराठवाड्यापर्यंत पोचतो. फार खोलवरचा तापलेला खडक या दाबाखाली सावकाश वाकतो, त्याला घड्या पडतात. वरचा थंड खडक वाकत नाही. ताण साठवतो आणि एखाद्या जुन्या भेगेवर झटक्यात सरकतो. भेग उथळ असली की पहिल्या लहरी हवेत शिरतात, तोच हा आवाज.

१० जुलै २०२४ चा हिंगोलीचा धक्का ४.५ रिश्टरचा होता, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ चा. आकड्यांत फरक थोडा, पण ऊर्जा साडेतीनशे पट! तरी किल्लारीत माणसं मुख्यतः घरांनी मारली. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मधे नुसती भर. हादऱ्याने थर सुटतात, भिंत पोट काढते आणि माळवद, म्हणजे लाकडावरचं मातीचं सपाट छत, खाली येतं. गळतं म्हणून दरवर्षी वर माती टाकतात. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन, भिजली की आणखी जास्त.

अशी घरं आजही गावोगाव आहेत, त्यांत लेकरं निजतात. म्हणून आधी माती उतरवा. लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार ठोका. मग भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना बांधण्यासाठी तिच्यात आडवं-उभं दर मीटरभर, पण एकाखाली एक न येता, तीन इंची आरपार भोक पाडा. त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. दगड पहारीने हळूच सैल करावा. घण घातला तर भिंत तिथेच फुगते. एका वेळी एकच भोक पाडावं आणि भरल्यावर दहा दिवस पाणी मारावं. गवंडी नेमके हेच दहा दिवस चुकवतात, तिकडे घरच्यांनी लक्ष द्यावं.

— एक बांधकाम अभियंता, वसमत